आमच्या पिकअपनं लोणी काढलं तवाची गोष्ट

थांबा, बाकीचं सगळं राहू द्या, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आत्ता फाट्यावर माझ्या म्होरून एक पिकअप गेली. मागून टांगल्यावानी उंच, आत दुधाचे कॅन, अन् कॅनाची झाकणं अशी टरटर वाजत होती की माझ्या अंगावर काटाच आला. मी हात केला, ओरडले, पण डायवर कशाला थांबतोय. त्याला वाटलं असंल पोरीला लिफ्ट पायजे. आरं बाबा, मला बसायचं न्हाई, तुझ्या कॅनात काय चाललंय ते सांगायचंय! तो तर गेला. आता तुमी ऐका. भराभरा टाईप करायलेय, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडं पण अशीच एक पिकअप होती. म्हणजे अजून हाय. त्या दुष्काळाच्या साली काकांनी ती उमापूरकडून जुनीच घेतलती. माझे आईबाबा तवा कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलते, मी काका-काकूंजवळ. माझं कॉलेज झालतं, लायसन निघालतं, अन् हातात स्टेअरिंग आल्यावर मला काय, आख्खा जिल्हा आपला वाटायचा. काम एकच. गावातल्या अन् आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं अन् तालुक्याच्या चिलिंगला, म्हणजे दूध थंड करायच्या सेंटरला, नेऊन घालायचं. दूध आमच्या गावच्या सहकारी संस्थेचं, गाडी काकांची.

आता काकांचं सांगते. संस्था निघाली तवापासून दूध वाहणारा माणूस. आधी सायकलीवर दोन्हीकडं कॅन लटकवून, मंग एका जुन्या टेम्पोवर, मंग ही पिकअप. चेअरमन बदलले, सचिव बदलले, काका तेच. गावात कुणी म्हणलं, "दूध गेलं का?" तर त्याचा अर्थ "काका गेले का?" असाच असायचा.

तर गाडी आणली अन् पयल्याच दिवशी नदीत घासली. आमचं गाव अन् डांबरी यांच्यामधी नदी हाय. पूल होणार म्हणून मी शाळेत होते तवापासून ऐकते. पाऊस न्हाई, त्यामुळं नदीत पाणी न्हाई, अन् वाळू लोकांनी उचलून नेलेली, म्हणून नुसते धोंडे उरलेले. गाडीच्या मागच्या चाकांच्या मधी जो लोखंडी गोळा असतो ना, त्याला हाउसिंग म्हणतात, तो बरोबर धोंड्यावर आपटायचा. ठण्ण! काकू आत बसलेली असली की म्हणायची, "मोडली का हो?"

मंग काकांनी गाडी उचलून घेतली. रस्त्याकडंच्या एका पाटेवाल्याकडं. मागं दोन्ही बाजूंनी लोखंडी पाटे असतात, त्यांच्यावर गाडीचं सगळं वजन. त्या पाट्यांत एकेक जादा पट्टी घातली, अन् पाट्याचं मागचं टोक ज्याला लटकतं ती शॅकल म्हणायची कडी होती त्यापेक्षा लांब टाकली. बास. गाडी मागून चांगली चार बोटं वर आली. नदीतून अशी गेली, अशी गेली की एक धोंडा शिवला न्हाई! पारावरची पोरं म्हणायची, "काय बे, दुधाची गाडी हाय का आमदाराची?" काका वरून म्हणायचे, "गप बसा रे," पण आतून खूष. मी तर दोन्ही बाजूंनी फोटोच काढले.

पयले काही दिवस एकदम झ्याक. मंग दुष्काळ वाढला तसं दूध आटत गेलं. चारा न्हाई, जनावराला पाणी मोजून. ज्या वस्तीचे कॅन गळ्यापर्यंत भरायचे, ते अर्ध्यावर आले. अन् हिथं एक गोष्ट सांगायला पायजे. आमच्या संस्थेत एका वस्तीचं दूध दुसऱ्या वस्तीच्या कॅनात ओतायचं न्हाई, ही पयल्यापासूनची रीत. खालच्या वस्तीच्या कॅनाला निळा पट्टा, वरच्या वस्तीला लाल, गावाला पिवळा, अशा खुणा. आमचं घट्ट, तुमचं पातळ, आमच्या म्हशी, तुमच्या गाई, अन् दुसऱ्यानं दुधात घातलेल्या पाण्याचा आळ आपल्यावर कोण घेणार? म्हणून कॅन तितकेच, फक्त आतून निम्मे रिकामे.

ह्याच दिवसांत गाडी थरथरायला लागली.

हळू चालवली की काय न्हाई. डांबरीवर चढलं, जरा जोर धरला की बुडाखालून एक गुर्रर्र सुरू व्हायचं. स्टेअरिंगला न्हाई, बगा. सीटला. पायाखाली. जसं कुणी गाडीखाली बसून पीठ दळतंय. ॲक्सिलेटर सोडला की गप. दाबला की परत गुर्रर्र. झाकणं टरटर टरटर.

मी म्हणलं, काका, बगते मी. अन् बगितलंच! मोबाईलवर जितके व्हिडिओ सापडले तितके बगितले. चाकं बॅलन्स करून आणली, काय न्हाई. टायर पुढची मागं, मागची पुढं, काय न्हाई. इंजनापासून मागच्या हाउसिंगपर्यंत जो लांब दांडा फिरतो, त्याला शाफ्ट म्हणतात, त्याच्या जोडाला क्रॉस असतो, तो काढून नवा घातला. तो काढताना माझ्या नखांचं काय झालं ते काकूला इचारा. तरी काय न्हाई! शॉकप बदलले. न्हाईच. काका म्हणले, "राहू दे माय, जुनी गाडी हाय, गुरगुरायचीच." पण मला असं राहू द्यायला जमत न्हाई. एकेक गोष्ट खोटी ठरली म्हणजे खरी जवळ आली, असं माझं आपलं गणित.

अन् मंग फॅटचं सुरू झालं.

दुधाची फॅट दोनदा बगतात. एकदा हिथं वस्तीवर, एकदा तिथं चिलिंगला. वस्तीवर चांगली लागायची अन् तिथं गेलं की कमी. रोज. दूध तितकंच, वजनात फरक न्हाई, फॅट मात्र खाली. मधी काय? मधी फक्त रस्ता. अन् रस्त्यात कोण? आमी.

पयल्यांदा कुणी काय बोललं न्हाई. मंग हॉटेलावर एकानं काकांच्या कपाकडं बगून म्हणलं, "तुमच्या चहाला साय लई जाड येती म्हणं आजकाल." सगळे हसले. काका पण हसले, पण कप अर्धा ठेवून उठले. काकूला बाया म्हणायच्या, "तूप इकायला काढलं का ओ? आमाला पण द्या की थोडं." काकू तिथल्या तिथं म्हणायची, "या की, घरी या, डबे उघडून बगा, फडताळं उपसा." पण घरी आल्यावर भांडी आदळायची.

संस्थेचे सचिव म्हणजे हुशार माणूस. खिशाला पेन, बोलायच्या आधी खोकायचे. ते एक दिवस म्हणले, "मी एक बगितलंय. बाजाराच्या दिवशी फॅट बरोबर लागती. बाकी दिवशी न्हाई."

मी म्हणलं, "मंग?"

"मंग काय. बाजाराच्या दिवशी तुमच्या गाडीत मागं दिंद्रुडच्या बाजाराला जाणारी माणसं बसलेली असतात. दहा डोळ्यांसमोर कोण साय काढणार? बाकी दिवशी गाडीत तुमी दोघंच."

 अन् गोष्ट खरी होती. मी पण घरी येऊन आठवून बगितलं. बाजाराच्या दिवशी फॅट खरंच बरोबर लागायची. सचिवानं असं दावं लावलं की गळ्यातून काढताच येईना. चेअरमननी सांगितलं, पुढच्या बैठकीला ठरवू, दुसरी गाडी लावायची का काय ते. गाडी गेली असती तर काय, दुसरं काम बगितलं असतं. पण "चोरीमुळं गाडी काढली" हे काकांच्या माथ्यावर बसलं असतं अन् ते काय पुसलं नसतं. काकांनी बोलणंच टाकलं. जेवायचे, दूध घालायचे, गाडी धुवायचे. पाण्याची एवढी टंचाई, तर ओल्या फडक्यानं पुसायचे. 

आता ऐका, हिथून मजा हाय.

एक दिवस रिकामे कॅन घासायला काकू बसली. लाल पट्ट्याचं झाकण हातात घेऊन तिनं आतल्या बाजूनं बोट फिरवलं, अन् बोट माझ्या डोळ्यासमोर धरलं. पिवळे बारके दाणे.

"हे काय हाय गं?"

"काय हाय?"

"लोणी हाय, आणखी काय. तुमच्या गाडीखाली रवी बांधलीय का काय?"

ती चेष्टा करत होती. मी मात्र तिच्याजवळ बसून झाकण हातात घेतलं. रवी! काकू, रवी! शाफ्ट फिरतोय, गाडी हादरतीय, कॅन अर्धे, दूध आत डचमळ डचमळ, अन् आमी सकाळी सकाळी चिलिंगपर्यंत ताक घुसळत नेतोय! साय कुणी काढलीच न्हाई. साय कॅनातच हाय, गोळा होऊन झाकणाला अन् कडेला चिकटलेली. तिथं मधल्या दुधाचा नमुना घेतात, मंग फॅट कमी न्हाई लागणार तर काय?

काकू म्हणली, "मंग बाजाराच्या दिवशी गाडीची रवी सुट्टीवर असती का?"

बरोबर हाय ना तिचं? हेच आडवं येत होतं. बाजाराच्या दिवशी दूध तसंच, कॅन अर्धेच, रस्ता तोच. फरक एकच, मागं माणसं बसलेली. मी काकूकडं बगते, काकू माझ्याकडं बगती. अन् माझ्या डोक्यात टाप्पकन पडलं. सचिवाला माणसांचे डोळे दिसले. मला माणसांचं वजन दिसलं!

उठले, गाडीखाली घुसले. मोबाईलमधी ते लेव्हल बगायचं ॲप असतं ना, भिंतीवर फोटो सरळ लावायला, ते उघडलं. मोबाईल आधी इंजनाकडच्या टोकाला टेकवला, मंग मागच्या हाउसिंगच्या नाकाला, म्हणजे शाफ्ट जिथं जोडतो तिथं, टेकवला. दोन्हीचे उतार सारखे पायजेत. न्हाई! हाउसिंगचं नाक वर उठलेलं. कावून? कावून की लांब शॅकलनं पाट्याचं मागचं टोक खाली ढकललं, म्हणजे मागनं गाडी उचलली अन् पाट्याबरोबर हाउसिंग फिरून नाक वर गेलं. शाफ्ट एकीकडून सरळ, एकीकडून वाकडा, जोर आला की थरथरणारच. मंग मी नदीतले धोंडे आणून मागं भरले. आता धोंड्यांनी वजन आलं, पाटे दबले, अन् परत मोबाईल लावला तर उतार जवळपास जुळले!

तर असं होतं ते. दूध जास्त होतं तवा वजनानं गाडी खाली बसायची, शाफ्ट सरळ चालायचा. दुष्काळानं दूध आटलं, गाडी हलकी झाली, वर चढली अन् घुसळायला लागली. बाजाराच्या दिवशी माणसं बसायची, परत खाली. मला इतका आनंद झाला की मी गाडीखालून ओरडतच निघाले अन् डोकं बंपरला ठोकलं.

काका सगळं ऐकून पयल्यांदा बोलले. "इलाज काय?"

"पाट्याच्या अन् हाउसिंगच्या मधी लोखंडाची पाचर ठोकायची, उतरती. नाक खाली येतंय. गाडीची उंची तशीच राहती. पाटेवाल्याकडं एका दुपारचं काम."

"मंग चल. आत्ता चल." काकांनी चावी घेतली पण.

मी आडवी आले. म्हणलं, "काका, आत्ता न्हाई."

"कावून?"

"आत्ता दुरुस्त केली तर उद्यापासून फॅट बरोबर लागंल. मंग लोक काय म्हणतील? बैठकीचं भ्या दाखवलं तवा चोरी बंद केली, असं म्हणतील. चोर तो चोरच राहील, फक्त शाणा झालेला."

काका किती तरी वेळ चावी हातात फिरवत बसले. त्यांना गाडी वाकडी राहिलेली सहन होईना, अन् मला ती सरळ करायची भीती. शेवटी त्यांनी चावी माझ्या हातात दिली अन् म्हणले, "तू कर काय करायचं ते. मी बैठकीला येणार न्हाई. मी काय सांगायला जाऊ, मी चोर न्हाई म्हणून?"

बैठकीच्या दिवशी मी पिकअप थेट संस्थेच्या ओट्याला लावली. आत सगळे संचालक बसलेले. चेअरमन म्हणजे चांगले भरीव गृहस्थ, कडक इस्त्रीचे कपडे, दोन मोबाईल. सचिव खोकायला लागले तवाच मी आत शिरले.

"चेअरमन सायेब, निर्णय घ्यायचाय तर गाडीत घ्या."

"काय म्हणती ही पोरगी?"

"सगळे संचालक मागं बसा. एक अर्धा कॅन मी ठेवलाय, आज सकाळच्याच दुधाचा. झाकणाला दोरी तुमी तुमच्या हातानं बांधा. फाट्याच्या पलीकडच्या हॉटेलापर्यंत जायचं, तिथं उघडायचं. तोच कॅन परत बांधायचा, मंग तुमी अन् सचिव सायेब पुढं माझ्याजवळ बसायचं, बाकीच्यांनी तिथंच चहा घ्यायचा. हिथं आलं की परत उघडायचं."

वरच्या वस्तीचे संचालक, म्हणजे लाल पट्ट्यावाले, म्हणले, "ही काय सर्कस लावली का बे?"

पण चेअरमन माणूस मजेशीर. ते उठले. "चला, बसू. आजपर्यंत लोकांच्या गाडीत बसून मतं मागितली, आता दुधाच्या गाडीत बसू."

ते पुढच्या सीटकडं निघाले तर मी म्हणलं, "सायेब, जाताना मागं. वजन तुमचंच पायजे." आख्खा ओटा हसला. तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. त्यांना वर चढवायला दोन संचालक लागले.

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. आमच्या संस्थेचं आख्खं संचालक मंडळ पिकअपच्या हौद्यात, मांड्या घालून, मधी दोरी बांधलेला कॅन. नदीतून जाताना एकमेकांच्या अंगावर. डांबरीवर एक ओळखीचा मोटारसायकलवाला शेजारून जाता जाता ओरडला, "काय हो, नारायणगडाला दर्शनाला निघाले का सगळे?" चेअरमन म्हणले, "न्हाई, कॅनाचं दर्शन घेतोय."

अन् गाडी? सरळ! मी मुद्दाम जोर धरला. गुर्रर्र न्हाई, टरटर न्हाई. जणू नवी. हॉटेलाजवळ उतरून चेअरमननी दोरी सोडली, झाकण उलटं केलं. स्वच्छ. दूध हाय तसं.

सचिव म्हणले, "मी सांगितलंच होतं. माणसं बसली की दूध चांगलं."

"हां," मी म्हणलं, "आता साक्षीदार ठेवू अन् वजन काढू. बसा म्होरं."

दोरी परत चेअरमननीच बांधली, चांगली मरगाठ मारली. ते अन् सचिव पुढं माझ्याजवळ, कॅन मागं एकटा. बाकीचे उन्हात हॉटेलाच्या बाकड्यावर, "लवकर ये गं पोरी" म्हणत. मी गाडी वळवली. जोर धरला.

गुर्रर्रर्र.

चेअरमनच्या खिशातले दोन्ही मोबाईल एकमेकांवर वाजायला लागले. सचिवाचं पेन खिशातून उडी मारून पायाशी. मागं कॅनाचं झाकण दोरीतून सुद्धा टरटर करायलंय. चेअरमन म्हणले, "आयला, हे रोज असंच?" मी म्हणलं, "रोज. चिलिंगपर्यंत." अन् तिथपर्यंत याच्यापेक्षा लई लांब हाय, म्हणून मी पण कसर ठेवली न्हाई. ओट्यावर न थांबता मी तीच नदी, तेच गाव, परत डांबरी, अशी एक फेरी जादा मारली.  त्या दोघांचे दात नुसते वाजायचे.

ओट्यावर चेअरमननी मरगाठ सोडली. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळे दाणे, कडेनं दाट. त्यांनी बोट फिरवलं अन् थेट तोंडात घातलं.

"लोणी हाय."

सचिव म्हणले, "वरून टाकलं असंल."

"कधी टाकलं? मी काय झोपलो होतो? गाठ माझी हाय. चाखा तुमी पण. चाखा!" सचिवांनी चाखलं.  मंग हळूच, पेन खिशात घालत म्हणले, "गोड हाय."

आता तुमाला वाटंल गोष्ट संपली. न्हाई. राहिलेल्या संचालकांना आणायला परत गेले, ते उन्हानं लालबुंद झालेले अन् चहाचे पैसे कोण देणार ह्यावर भांडत बसलेले. सगळे आले, सगळ्यांनी झाकणावर बोटं फिरवली. गाडी काढायचा विषयच मागं पडला. मी पाचरीचं सांगितलं, ते पटलं. पण मी म्हणलं, नुसत्या पाचरीनं भागणार न्हाई. थरथर जाईल, तरी नदीतल्या धोंड्यांनी अर्धा कॅन डचमळणारच. कॅन गळ्यापर्यंत भरले पायजेत. म्हणजे वस्त्यांचं दूध एकत्र ओतायचं.

झालं! लाल पट्ट्यावाले उभेच राहिले. "आमचं दूध कुणाच्या दुधात जाणार न्हाई. संस्था निघाली तवापासून न्हाई गेलं."

निळ्या पट्ट्यावाले म्हणले, "तुमच्यात मिसळून आमचंच पातळ होईल, तुमी कशाला घाबरता?"

"पातळ कुणाचं बे?"

असं लई चाललं. शेवटी लाल पट्ट्यावाले जरा खाली आवाजात म्हणले, "वस्तीवर ज्याची त्याची फॅट बगूनच पैसे मिळतात, ते कळतंय मला. पण तिथं ओतताना मधी कोण हात घालंल, कोण पाणी घालंल, कुणाला माहीत? ओतणार कोण?"

 चेअरमननी माझ्याकडं बगितलं, मंग बाहेर, जिथं आमचं घर दिसतं तिकडं.

"हिचा काका ओतंल," ते म्हणले. "संस्था निघाली तवापासून तोच नेतोय. आणखी कुणाला ठेवायचं असंल तर नाव सांगा." कुणी नाव सांगितलं न्हाई. लाल पट्ट्यावाल्यांनी पण न्हाई.

मी घरी पळत गेले. काका गाडी नसल्यामुळं नुसतं फडकं घेऊन घराच्या ओट्यावर बसलेले. मी सगळं सांगितलं, एका दमात, आत्ता तुमाला सांगायलेय त्याच्यापेक्षा भराभर. ते म्हणले, "ओतायला मला ठेवलं?" मी म्हणलं, हो. "लाल पट्ट्यावाले काय म्हणले?" मी म्हणलं, काय न्हाई म्हणले. मंग काका उठले अन् म्हणले, "चल, पाचर घालून आणू." त्यांनी चप्पल घातली ती उलटी, डावी उजव्यात, अन् तसेच माझ्याबरोबर संस्थेकडं येऊन गाडीत बसले. मी सांगितलं न्हाई.

पाचर बसली. मी मोबाईल लावून बगितलं, गाडी रिकामी असताना पण उतार जुळले. डांबरीवर काढली, जोर धरला, काय न्हाई. काकांनी सीटवर हात पालथा ठेवला, जसं तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात. मंग हात काढून म्हणले, "उतरला ताप."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ओट्यावर गर्दी. ज्यांचं दूध न्हाई ते पण आलते बगायला. काकांनी लाल पट्ट्याचा अर्धा कॅन उचलला अन् निळ्यात ओतला. सगळ्यांसमोर, सावकाश, धार मोडू न देता. वरच्या वस्तीची एक म्हातारी म्हणली, "हळू रे बाबा, आमच्या म्हशीचं हाय." काका म्हणले, "आता सगळ्यांच्याच म्हशीचं हाय, आजी." चिलिंगला फॅट बरोबर लागली. त्यानंतर पण लागत राहिली. हॉटेलवाल्यानं काकांना चहा दिला तवा कुणी सायीचं बोललं न्हाई. काकांनीच म्हणलं, "अरे, माझ्या चहाला साय कुठंय?" हॉटेल हसलं. तवा ते खरं हसले.

तर म्हणून मी आत्ता फाट्यावर ओरडत होते. तो पिकअपवाला कोणत्या गावचा, मला माहीत न्हाई. पण त्याच्या मागं पण कुणी तरी म्हणत असंल, साय कुठं जाती. तो पण घरी जाऊन गप बसत असंल. म्हणून तुमालाच इचारते. तुमच्याकडं कुणी गाडी मागून उचलून घेतलीय का? कमी ओझं असलं की थरथरती का अन् भरली की गप होती का? आधी पाट्याकडं बगा, चाकांकडं न्हाई. अन् दुधाची असंल तर झाकणाच्या आतून बोट फिरवा. असं तुमच्या घरी, तुमच्या गावात कधी झालंय का, की गाडीची खोड एका माणसाच्या नावावर टाकली? झालं असंल तर सांगा ना. मंग तुमी काय केलं?